वारं गेलं, तर आधी घड्याळ पाहा

कापूस वेचायचे दिवस आहेत असे समजा. देवळीजवळचे एक गाव. सकाळचे आठ वाजले आहेत. घरधनी चहा प्यायला बसले. एकाएकी त्यांच्या हातातून कपबशी निसटली. तोंड एका बाजूला वाकडे झाले. उजवा हात उचलेना. बोलायला गेले, तर शब्द नीट उमटेनात.

धाकटा भाऊ धावत आला. "वहिनी, वारं गेलं अंगावरून! तेल तापवा. चोळून पाहू."

"तेल राहू द्या, भाऊजी," ती म्हणाली. "आठ वाजलेत, ध्यानात ठेवा. आणि आधी गाडी बोलवा."

दोघांत कोणाचे बरोबर? वहिनीचे. कसे ते पाहू.

हे दुखणे कसले?

याला कोणी लकवा म्हणतात, कोणी अर्धांगवायू म्हणतात. पण अंगात वारे शिरत नाही. हात लुळा पडला, तरी दुखणे हातात नसते. ते डोक्यात, मेंदूत असते.

हात हलवणे, बोलणे, चालणे ही सारी कामे मेंदू चालवतो. त्याला रक्त सतत लागते. पाटाचे पाणी थांबले की वाफ्यातले रोप सुकते. रोप दोन दिवस तरी तग धरते. मेंदूचे तसे नाही. रक्त थांबले की तो भाग काही मिनिटांतच मरू लागतो.

पाटाचे पाणी दोन प्रकारांनी अडते. पाट तुंबतो, नाहीतर फुटतो. मेंदूतही तसेच होते. पुष्कळदा रक्तवाहिनीत गुठळी अडकते. काही वेळा रक्तवाहिनीच फुटते, आणि रक्त मेंदूत सांडते.

सेवाग्रामची परीक्षा

तुंबले की फुटले, हे बाहेरून पाहून कळेल का? हाच प्रश्न आपल्या वर्धा जिल्ह्यातील डॉक्टरांनी तपासला. सेवाग्राम येथे १९६९ साली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. तिथे लकव्याचे रोगी खेड्यापाड्यांतून येतात.

रोगी शुद्धीवर आहे का? वांती झाली का? डोके दुखते का? रक्तदाब किती? मधुमेह आहे का? अशा गोष्टींना गुण देऊन निदान करायची एक रीत थायलंडमध्ये निघाली होती. दुसरी तशीच रीत लंडनची. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी दोन्ही रीती वापरल्या. मग सीटी स्कॅनच्या चित्राशी त्या ताडून पाहिल्या. निकाल २००३ साली छापून आला. दोन्ही रीती भरवशाच्या ठरल्या नाहीत.

शिकलेल्या डॉक्टरांना जे नुसते पाहून नक्की सांगता येत नाही, ते आपल्याला ओट्यावर बसून कसे सांगता येईल? सीटी स्कॅनमध्ये मात्र सांडलेले रक्त पांढरे दिसते. रक्त सांडले आहे की नाही, हे लगेच कळते.

औषधाची परीक्षा

गुठळी विरघळवणारे एक औषध आहे. अमेरिकेत ६२४ रोग्यांवर त्याची परीक्षा झाली. निम्म्यांना खरे औषध दिले, निम्म्यांना नुसते दिसायला तसेच. कोणाला काय मिळाले, हे रोग्यालाही माहीत नव्हते आणि डॉक्टरांनाही नव्हते. म्हणून निकालात पक्षपात शिरला नाही. दुखणे सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत औषध दिले होते. १९९५ साली निकाल आला. तीन महिन्यांनी पाहिले, तर औषधाच्या गटात धडधाकट झालेले लोक शंभरामागे अकरा ते तेरांनी जास्त होते.

पण धोकाही दिसला. औषध घेतलेल्यांपैकी शंभरात सहा जणांच्या मेंदूत रक्तस्राव होऊन प्रकृती बिघडली. मग ज्याची वाहिनी आधीच फुटली आहे, त्याला हे औषध दिले तर काय होईल? म्हणून आधी स्कॅन, मग औषध.

२००८ साली युरोपातील परीक्षेत दिसले, की साडेचार तासांपर्यंतही या औषधाचा उपयोग होतो. मात्र जितके लवकर, तितके चांगले.

आपण काय करावे?

तोंड वाकडे झाले, एक हात किंवा पाय लुळा पडला, बोलणे अडखळले, यांतले एकही एकाएकी घडले, तर वेळ पाहून ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात. १०८ नंबरला फोन करा. तोंडात पाणी, चहा, गोळी काही घालू नका. गिळता न आल्यास ठसका लागून ते फुप्फुसात जाते. चोळण्यात वेळ घालवू नका. चोळल्याने मेंदूतली गुठळी हलत नाही.

आपल्या गावाहून जवळ सीटी स्कॅन कुठे होतो, रात्रीही होतो का, हे आजच विचारून ठेवा.

उशीर झाला तरी रोग्याला घरी ठेवू नका. इस्पितळातली देखभाल आणि पुढचा व्यायाम यांनी पुष्कळ लोक पुन्हा चालू लागतात. आणि रक्तदाब वाढलेला असेल, तर गोळी रोज घ्या. लकवा टाळण्याचा तो मोठा उपाय आहे.

त्या घरी गाडी आली. भाऊजी आत बसले, आणि वाटेत एकच गोष्ट घोकत राहिले: "आठ वाजता. बरोबर आठ वाजता."