घोरपड माघारी फिरते तेव्हा...

पोवाडा म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? डफाची थाप, फेटेवाला शाहीर आणि शौर्य. बरोबर ना? पण पोवाड्यात भीतीही असते, बरं का!

शाहीर तुळशीदासांचा सिंहगडाचा पोवाडाच घ्या. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी जुने पोवाडे जमवून १८९१ मध्ये छापले, त्यात तो आहे. ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र. तानाजी मालुसरे दोर बांधून घोरपड कड्यावर सोडतात. ती अर्ध्यावर जाते आणि चक्क माघारी फिरते! आजवर ती कधी फिरली नव्हती. (घोरपडीची गोष्ट बऱ्याच इतिहासकारांना मान्य नाही. पण आज आपण गाणं ऐकतोय, इतिहासाचा पेपर लिहीत नाही.)

आता गंमत पाहा. शाहिरानं ओळ टाकली की मागचे झीलकरी 'जी जी' करत ती उचलतात, पुन्हा घोळवतात. तेवढा वेळ गोष्ट जागच्या जागी थांबते. घोरपड कड्याला आणि आपला जीव टांगणीला! मध्येच शाहीर गाणं सोडून साधं बोलू लागतो. डफ गप्प. थापेची सवय झालेल्या कानांना ती शांतता फार मोठी वाटते. 'सगळे घाबरले' असं सांगायची गरजच उरत नाही.

शिवजयंतीच्या तयारीत, इथं अंतरवाली सराटीत, मी हे चौथीच्या मुलांबरोबर करून पाहिलं. आधी हा प्रसंग नुसता सांगितला. मुलं ऐकत होती, एकजण पेन्सिलीला टोक काढत होता. मग अर्धा वर्ग झीलकरी झाला, डफ म्हणून पत्र्याचा डबा घेतला आणि घोरपड फिरल्याची ओळ आमच्याच शब्दांत रचली. पहिल्यांदा 'जी जी' दणक्यात आलं. दुसऱ्यांदा हळू. तिसऱ्यांदा डबा वाजवणाराच थांबला.

"बाई, आता तरी तिला वर जाऊ द्या ना," एक मुलगी म्हणाली.

पेन्सिलवाला एकदम उठला. "नको बाई! ती वर गेली की तानाजी मरतो."

शेवट सगळ्यांना पाठ होता. तरी पुढची ओळ म्हणायला कुणी तोंड उघडेना.