टाकी अकरा सेंटिमीटरची, जागा पाव मीटरची

कल्याणहून कर्जतकडे निघालेली लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर घेत जाते. त्याच मार्गाने पुण्याकडच्या मालगाड्याही धावतात. या पट्ट्यातल्या घरात कुणी रेल्वेचं मॉडेल मांडलं, की फलाट आणि लोकल झाल्यावर मालगाडीच्या सायडिंगची हौस येतेच. त्यातही तेलाचा डेपो म्हणजे हौसेची परीक्षा.

नमुना म्हणून मनमाडजवळचं पानेवाडी सोयीचं. माहुलच्या रिफायनरीतून निघालेली भारत पेट्रोलियमची २५२ किलोमीटरची पाइपलाइन तिथे पोहोचते आणि पुढे तेल वॅगन व टँकरमध्ये भरलं जातं.

पहिला हिसका प्रमाणाचा. मॉडेलवाल्यांचं रूढ माप १:८७. तेल वाहणारी बीटीपीएन वॅगन खऱ्या रुळांवर सुमारे १२.४ मीटर लांब असते. टेबलावर ती १४ सेंटिमीटरची होते. पन्नास वॅगनची अख्खी रेक मांडायची तर सात मीटर लागतात. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून आणलेला आठ बाय चारचा प्लाय जेमतेम अडीच मीटरचा! म्हणून पाच वॅगन उभ्या करायच्या आणि बाकीची रेक झाडीआड गेली असं भासवायचं. रुळांचीही तडजोड असते. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा, म्हणजे या मापात १९ मिलिमीटरहून थोडा जास्त. बाजारात तयार मिळणारे रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचे.

टाक्या सोप्या. सांडपाण्याच्या ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा १२ सेंटिमीटरचा तुकडा कापला, की साडेनऊ मीटर व्यासाची, दहा मीटर उंच टाकी तयार. डिझेलच्या टाकीवर सनबोर्डचं शंकूसारखं छप्पर बसतं. पेट्रोलच्या टाकीचं छप्पर तेलावर तरंगतं, तेलाच्या पातळीबरोबर वरखाली होतं. म्हणून ते काठापासून थोडं खाली चिकटवायचं. टाकीला वळसा घालत चढणारा जिना मात्र संध्याकाळ खातो.

खरा पेच टाकीभोवतीच्या भिंतीचा. टाकी फुटली तर तिच्यातलं सगळं तेल त्या आवारात मावलं पाहिजे. दोन मीटर उंचीची भिंत मॉडेलमध्ये २.३ सेंटिमीटरची होते. हिशेब केला तर अकरा सेंटिमीटरच्या एका टाकीसाठी जवळजवळ पंचवीस सेंटिमीटरचा चौरस अडतो. हौशी डेपोत टाक्या खेटून उभ्या असतात आणि तिथेच तो खोटा दिसतो. चार टाक्यांऐवजी दोनच ठेवून मधे खडी पसरली, तर डेपो पटतो.

तीच गोष्ट विजेच्या तारेची. मेन लाइनवर २५ हजार व्होल्टची तार असली तरी वॅगन भरायच्या गॅन्ट्रीवर ती नेत नाहीत. ठिणगी पडली तर संपलंच. त्यामुळे तारेचा शेवटचा खांब गॅन्ट्रीच्या बराच अलीकडे उभा करायचा. गॅन्ट्रीवरून भरणीच्या नळ्या वॅगनच्या माथ्यावर उतरतात. झाकणापासून खाली ओघळलेले तेलाचे डाग पातळ काळ्या रंगाने काढायचे, पण सगळ्या वॅगनवर सारखे नाहीत.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. ते पाहून आलेला माणूस घरी भिंती मोजू लागतो. बदलापूरच्या फ्लॅटमध्ये सहाव्या वॅगनसाठी सायडिंग शेजारच्या खोलीत न्यायची, तर भिंतीला भोक पाडावं लागतं. त्याची मंजुरी स्वयंपाकघरातून घ्यावी लागते.