परक्या राजाच्या पदरी: एल सिदची सारागोसातली वर्षे

१०८२ साली ईशान्य स्पेनमधल्या अल्मेनारच्या लढाईत बार्सिलोनाचा ख्रिस्ती काउंट बेरेंगेर रामोन कैद झाला. त्याला पकडणारा रोद्रिगो दिआझ हाही कॅस्टिलचा ख्रिस्ती सरदार. पण या कैद्याला त्याने हवाली केले ते सारागोसाच्या मुस्लिम राजाच्या. काउंट तरी कुणाच्या बाजूने लढत होता? त्याच राजाच्या भावाच्या, म्हणजे लेरिदाच्या मुस्लिम राजाच्या! इस्लामविरुद्ध झुंजलेला राष्ट्रवीर ‘एल सिद’ म्हणून ज्याचे गोडवे स्पेनने गायले, तो हाच रोद्रिगो.

हे कोडे सोडवायचे तर तेव्हाचा स्पेन पाहावा लागतो. १०३१ मध्ये कोर्दोबाची खिलाफत संपली आणि तिच्या जागी अनेक छोटी मुस्लिम राज्ये उभी राहिली. पैसा आणि विद्या त्यांच्याकडे मुबलक होती, लष्करी बळ मात्र कमी. उत्तरेचे ख्रिस्ती राजे त्यांच्याकडून सोन्याची खंडणी घेत आणि बदल्यात संरक्षणाची हमी देत. रोद्रिगो स्वतः कॅस्टिलचा राजा अल्फोन्सो सहावा याच्या वतीने सेव्हिलला खंडणी वसूल करायला गेला होता.

१०८१ मध्ये त्याने तोलेदोच्या मुलखावर परस्पर स्वारी केली. तोलेदो अल्फोन्सोच्या छत्राखाली असल्याने राजा संतापला आणि त्याने रोद्रिगोला हद्दपार केले. हद्दपार सरदार एकटा बाहेर पडत नसे. त्याच्यासोबत त्याची माणसे असत, आणि त्यांचे घोडे, शस्त्रे, अन्न या सगळ्याचा भार त्याच्यावर असे. धनी नाही तर उत्पन्न नाही, आणि उत्पन्न नाही तर फौज टिकत नाही. रोद्रिगो आधी बार्सिलोनाला गेला. तिथे काम जमले नाही, तेव्हा सारागोसाच्या दरबाराने त्याला ठेवून घेतले.

तिथला राजा अल्-मुतामन हा मोठा गणिती होता. त्रिकोणाविषयीचा जो सिद्धांत पुढे सतराव्या शतकातल्या चेव्हा या इटालियन गणितज्ञाच्या नावाने ओळखला गेला, त्याची सिद्धता या राजाच्या ग्रंथात सापडते. अशा राजाची सरहद्द रोद्रिगो राखत होता. या कामात नुसती तलवार चालवून भागत नसे. अल्मेनारला वेढा पडला तेव्हा शत्रूला पैसे देऊन वाटेला लावावे, असा सल्ला आधी त्यानेच दिला होता. शत्रूने नकार दिल्यावरच तो लढाईत उतरला. १०८४ मध्ये त्याने अरागॉनचा राजा सांचो रामिरेझ याचाही पराभव केला. विजयी होऊन परतणाऱ्या या ख्रिस्ती सरदाराच्या स्वागताला राजा आपल्या मुलांसह शहराबाहेर सामोरा गेला.

म्हणून त्याला निव्वळ भाडोत्री म्हणणे मला अन्यायाचे वाटते. १०८३ च्या सुरुवातीला रुएदाच्या किल्ल्यात अल्फोन्सोची माणसे दगाफटक्याने मारली गेली, तेव्हा रोद्रिगो आपल्या जुन्या धन्याकडे धावला. मने मात्र जुळली नाहीत आणि तो सारागोसाला परतला. १०८६ मध्ये उत्तर आफ्रिकेतून आलेल्या अल्मोराविदांनी अल्फोन्सोचा दारुण पराभव केला. त्यानंतर दोघांत समेट झाला, पण तोही टिकला नाही. अखेर १०९४ मध्ये रोद्रिगोने व्हॅलेन्सिया जिंकून स्वतःचीच सत्ता उभी केली. तिथल्या काझीला त्याने जिवंत जाळले, हेही विसरता कामा नये. १०९९ मध्ये तो वारला. पत्नी हिमेनाने शहर त्यानंतरही ११०२ पर्यंत राखले.

साधारण शतकभराने त्याच्यावर स्पॅनिश महाकाव्य रचले गेले. त्यात तो हद्दपारीतही अल्फोन्सोचा एकनिष्ठ सेवक आहे आणि सारागोसाची चाकरी जवळजवळ गायब आहे. विसाव्या शतकात हुकूमशहा फ्रँकोला असाच वीर हवा होता. १९५५ मध्ये बुर्गोसला एल सिदचा पुतळा उभारला गेला, त्या सोहळ्याला तो स्वतः हजर होता.

रोद्रिगोची निष्ठा खरी होती, पण ती माणसांशी होती: आश्रय देणाऱ्या धन्याशी आणि आपल्या भरवशावर घर सोडून आलेल्या सोबत्यांशी. धर्म त्याला होताच, तरी कुणाच्या बाजूने लढायचे हे केवळ धर्मावरून ठरत नव्हते. सारागोसाची वर्षे वगळली की उरतो तो नंतरच्या पिढ्यांनी आपल्या गरजेसाठी घडवलेला वीर. ती वर्षे परत जोडली तर अकराव्या शतकातला खरा माणूस दिसतो, आणि धर्माच्या नावाने आखलेली इतिहासातली सरळ रेघ किती उशिरा ओढली गेली, हेही समजते.