दूरचा डाव आणि समालोचक

बुद्धिबळ हा दोघांचा खेळ समजला जातो. परंतु प्रतिस्पर्धी दूरच्या शहरी असला आणि चालीसाठी सवड मिळाली, की पटाभोवती सल्लागार जमतात व डाव सामूहिक होतो. इ.स. १८२८-२९ मध्ये मद्रास व हैदराबाद या शहरांत पत्रव्यवहाराने दोन डाव खेळले गेले. मद्रासच्या बाजूची सूत्रे मुख्यत्वे गुलाम कासिम यांच्या हाती होती. १८२९ मध्ये त्यांनी जेम्स कॉक्रेन या मुलकी अधिकाऱ्यासह हे डाव टिप्पणीसहित मद्रासहून प्रसिद्ध केले. घोड्याचा बळी देऊन राजावर हल्ला चढविणाऱ्या ‘मुझिओ गॅम्बिट’चे विवेचनही त्याच ग्रंथात आहे.

टिप्पणीकार येथे स्वतःच एका पक्षाचा खेळाडू आहे, आणि निकाल ठाऊक झाल्यावर लिहितो आहे. थेट समालोचकाला या दोन्ही सोयी नसतात. उर्दूतील ‘तबसिरा’ या शब्दाचे मूळ ‘बसर’ म्हणजे दृष्टी. मराठी ‘समालोचना’तही ‘लोचन’ आहेच. प्रेक्षकाला पट दिसतोच. न खेळलेली चाल दाखविणे हे समालोचकाचे काम. आज संगणक कोणाची बाजू किती वरचढ हे आकड्यात सांगतो. मात्र वजीर मागे का घेतला, हे तो आकडा सांगत नाही. (शह, मात, वजीर, प्यादे हे शब्द फारसीतूनच मराठीत रुळलेले असल्याने मराठी समालोचकाला परिभाषा घडवीत बसावे लागत नाही.)

परंतु दूरस्थ डावात पटावर न दिसणारेही काही असते. २०२० साली करोनाच्या काळात ऑलिंपियाड प्रथमच इंटरनेटवर भरले. प्रत्येक सामन्यात सहा पट असत व त्यांत महिला आणि वीस वर्षांखालील खेळाडूंना जागा राखीव होत्या. प्रत्येकाला १५ मिनिटे आणि दर चालीस ५ सेकंद मिळत. भारताचे कर्णधार नाशिकचे विदित गुजराथी होते. नागपूरची दिव्या देशमुख संघात होती. ३० ऑगस्टच्या अंतिम लढतीत रशियाविरुद्धचा पहिला सामना ३-३ असा बरोबरीत सुटला. दुसऱ्यात निहाल सरीन व दिव्या यांचा संपर्क तुटला आणि घड्याळ संपून दोघेही हरले. घड्याळ चालूच असते. त्यामुळे खेळाडू विचारात आहे की जोडणी गेली आहे, हे पटाकडे पाहून ओळखता येत नाही. अशा वेळी ‘दीर्घ विचार चालू आहे’ असे म्हणणारा समालोचक प्रेक्षकाची दिशाभूल करतो. भारताने दाद मागितली. त्या दिवशी इंटरनेट सेवेत जागतिक बिघाड झाला होता. अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच यांनी दोन्ही देशांना सुवर्णपदक दिले.

येथे भारतीय समालोचकाची खरी कसोटी लागते. कारण दोनच दिवसांपूर्वी उपांत्यपूर्व फेरीत आर्मेनियाच्या हाइक मार्तिरोस्यान यांची जोडणी निहालविरुद्धच्या डावात तुटली होती. आर्मेनियाचा आक्षेप फेटाळला गेला, त्या संघाने माघार घेतली आणि भारत पुढे गेला. रशियाविरुद्धचा अन्याय सविस्तर सांगून आर्मेनियाचा प्रसंग एका वाक्यात उरकणारे कथन बातमी म्हणून चालेल. त्याला तबसिरा म्हणता येणार नाही. गुलाम कासिम यांना निदान डाकेची वाट पाहण्याइतका अवधी होता. थेट समालोचकाला हा तोल बोलता बोलताच सांभाळावा लागतो.