हृदयरोग माणसाचा आणि देशाचा

गैरसमज : हृदयविकाराच्या झटक्यामागच्या कारणांच्या टक्क्यांची बेरीज शंभराच्या वर जाते, म्हणजे आकडेच चुकीचे.

वस्तुस्थिती : २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात भारतासह ५२ देशांतले, पहिलाच झटका आलेले सुमारे १५ हजार रुग्ण होते. रक्तातल्या चरबीच्या बिघाडाचा वाटा ४९ टक्के निघाला, धूम्रपानाचा ३६, मानसिक ताणाचा ३३, सुटलेल्या पोटाचा २० आणि उच्च रक्तदाबाचा १८. ही पाच कारणेच १५६ वर जातात. मात्र नऊ कारणे एकत्र धरली तर वाटा भरतो सुमारे ९० टक्के. यात विसंगती नाही. बिडी ओढणाऱ्या आणि रक्तदाब वाढलेल्या माणसाचा झटका बिडी सोडून टळला असता, तसाच रक्तदाब आटोक्यात ठेवूनही टळला असता. त्यामुळे तो दोन्ही खात्यांवर मांडला जातो. म्हणजेच एकाच झटक्याला अनेक ठिकाणी अडवता येते.

गैरसमज : जास्त धोका असलेल्यांना शोधून औषधे दिली की देशाचा प्रश्न सुटला.

वस्तुस्थिती : त्यांना औषधे हवीतच, पण हिशेब मांडून पाहावा. समजा, एक लाख लोकांपैकी पाच हजारांना जास्त धोका आहे आणि त्यांच्यात शंभरी सहा जणांना झटका येतो. ते झाले ३००. उरलेल्या ९५ हजारांत शंभरी एकच, तरी ते होतात ९५०. थोडा धोका असलेले लोकच बहुसंख्य असल्याने बहुतेक रुग्णही त्यांच्यातूनच येतात, हे ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिले. म्हणून सगळ्यांचा धोका थोडा उतरवणे मोलाचे ठरते. फिनलंडने १९७२ पासून उत्तर करेलियात नेमके हेच केले. तिथे पावावर लोण्याचा थर देणे ही घरोघरची रीत होती. ती बदलली, दूध कमी चरबीचे झाले, धूम्रपान घटले. पुढच्या चार दशकांत कामकरी वयाच्या पुरुषांचे हृदयरोगाने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक कमी झाले.

यावर आक्षेप येतो की ही किमया नव्या उपचारांची असेल. उपचारांचा हातभार आहेच. पण १९८२ ते १९९७ दरम्यानच्या घटीचा हिशेब फिनलंडच्या संशोधकांनी मांडला, तेव्हा निम्म्याहून अधिक श्रेय धोक्याचे घटक कमी झाल्याला गेले आणि उपचारांना सुमारे पाव. दुसरा आक्षेप घरोघरी ऐकू येतो : ‘आजोबांनी जन्मभर बिडी ओढली, तरी नव्वदी गाठली.’ गाठली असेल. झटका नेमका कुणाला येणार, हे धोक्याचे घटक छातीठोकपणे सांगत नाहीत. लाखात किती जणांना येणार, हे मात्र त्यांच्यावरून बऱ्यापैकी कळते. एकट्याच्या नशिबावरून देशाचे आरोग्य धोरण ठरवता येत नाही. तेल, मीठ, तंबाखू यांविषयीचे नियम म्हणूनच केवळ रुग्णांसाठी नसतात, ते निरोगी दिसणाऱ्या बहुसंख्यांसाठीही असतात.