छातीवर येऊन बसतं ते कोण?



पहाटे कधीतरी जाग येते. डोळे उघडे असतात. वरचा पंखा दिसतो, खिडकीतून येणारा रस्त्यावरच्या दिव्याचा पट्टा दिसतो, शेजारच्याचं घोरणंही ऐकू येतं. पण हात हलत नाही, पाय हलत नाही. ओरडायला जावं तर घशातून आवाज निघत नाही. मग दाराशी कोणीतरी उभं आहे अशी खात्री होते. ते जवळ येतं, छातीवर बसतं, श्वास कोंडतो. आणि अर्ध्या-एक मिनिटात सगळं एकदम सुटतं, माणूस घामाघूम होऊन उठून बसतो.

हे वाचताना काही जणांना "अरे, हे तर माझं!" असं वाटलं असेल. त्यांच्यासाठीच हा लेख आहे. आपल्या बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या घरांत हा विषय निघतो तो दबक्या आवाजात, आणि निघाला की डॉक्टरांच्या आधी देवर्षीचं नाव येतं, असं मी तरी पाहिलं आहे. नवीन पिढी ते करत नाही, पण ती दुसरं टोक गाठते: कोणालाच सांगत नाही. पुण्याच्या पीजीमध्ये किंवा बेंगळुरूच्या फ्लॅटमध्ये एकटीच घाबरत बसते.

वैद्यकशास्त्रात याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. नावात पॅरालिसिस असलं तरी पक्षाघाताशी याचा काही संबंध नाही. आपली झोप साधारण नव्वद-नव्वद मिनिटांच्या फेऱ्यांनी चालते आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी 'रेम' नावाचा टप्पा येतो. शिकागो विद्यापीठात १९५३ साली आझेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी तो जगापुढे मांडला. या टप्प्यात बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर फिरतात आणि सर्वांत ठसठशीत स्वप्नं याच वेळी पडतात. आता स्वप्नात आपण पळतो, भांडतो, विहिरीत उडी मारतो. ते सगळं शरीरानं खरंच केलं तर रोज कोणीतरी पलंगावरून पडेल. म्हणून ब्रेनस्टेममधून मज्जारज्जूला निरोप जातो आणि हातापायांचे स्नायू तेवढ्यापुरते सैल सोडले जातात. डोळे आणि श्वासाचा पडदा मात्र चालू राहतो.

गडबड होते ती जाग येताना. मन जागं झालं, पण स्नायूंवरचं कुलूप अजून निघालेलं नाही, आणि स्वप्नाचा प्रोजेक्टरही बंद झालेला नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर स्क्रीन चालू झाली, पण कीबोर्ड अजून लोड व्हायचा आहे. रेमचा टप्पा रात्र सरेल तसा लांबत जातो, म्हणून अशी जाग बऱ्याचदा पहाटेची. भुतांची वेळ पहाटेची का, याचं निदान एक उत्तर इथं मिळतं.

छातीवरच्या ओझ्याचंही कारण आहे. रेममध्ये बरगड्यांमधले स्नायू सैल असतात, श्वास उथळ चालतो. आपण जागे होऊन मुद्दाम खोल श्वास घ्यायला जातो आणि तो येत नाही. श्वास थांबलेला नसतो, पण हुकूम पाळला जात नाही म्हटल्यावर मेंदू घाबरतो आणि त्याला वाटतं, कोणीतरी दाबतंय. दाबणारा कोण, हे तो मग स्वप्नाच्या शिल्लक मालातून तयार करतो.

हा माल कुठून येतो, हे मला यातलं सर्वांत रंजक वाटतं. आपल्याकडे तो माल मुबलक. मुंज झालेला आणि सोडमुंजीआधी गेलेला मुलगा पिंपळावर मुंजा होऊन बसतो, ही गोष्ट २०२४ च्या सिनेमाच्या कितीतरी आधी आपण आजोळी ऐकलेली असते. शिवाय हडळ आहे, खवीस आहे. आपण राहतो कर्नाटकात, म्हणून त्यात कन्नड भर: दारावर 'नाळे बा', म्हणजे 'उद्या ये', असं लिहून रात्री दार ठोठावणाऱ्या बाईला परत पाठवण्याची गोष्ट. २०१८ च्या 'स्त्री' सिनेमात तीच हिंदीत आली. बंगालमध्ये वाचा बंद करणारा 'बोबा' येतो. जपानमध्ये 'कानाशिबारी', म्हणजे लोखंडानं जखडल्यासारखं होणं. इंग्रजीतल्या 'नाइटमेअर'मधली मेअर ही घोडी नव्हे, ती झोपलेल्याच्या छातीवर बसणारी बाधा. फ्युझेली नावाच्या चित्रकाराचं याच नावाचं १७८१ चं चित्र आहे, मोबाईलवर शोधून पाहा. उताणी झोपलेली बाई, तिच्या छातीवर उकिडवं बसलेलं खुजं ध्यान. (पडद्याआडून घोडीही डोकावते, चित्रकाराला शब्दाचा खेळ सोडवला नाही.)

यावर लोकसाहित्याचे अभ्यासक डेव्हिड हफर्ड यांचं काम महत्त्वाचं आहे. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये छातीवर बसणाऱ्या म्हातारीला 'ओल्ड हॅग' म्हणतात. तिच्याविषयी लोकांशी बोलताना त्यांच्या लक्षात आलं की जे सांगतात तेच त्यांना स्वतःला कॉलेजात असताना १९६३ साली झालं होतं, आणि तेव्हा त्यांनी म्हातारीचं नावही ऐकलेलं नव्हतं. १९८२ च्या पुस्तकात त्यांनी मांडलं की गोष्ट ऐकली म्हणून अनुभव येतो असं नाही. अनुभव आधी येतो. म्हणजे आपली आज्जी खोटं बोलत नव्हती. ज्याला हा अनुभव येतो तो नाटक करत नसतो की त्याचं डोकं फिरलेलं नसतं. २०११ मध्ये ३५ अभ्यास आणि ३६ हजारांहून जास्त लोकांची माहिती एकत्र केली गेली. त्यात सर्वसाधारण लोकांपैकी ७.६ टक्क्यांना, तर विद्यार्थ्यांपैकी तब्बल २८.३ टक्क्यांना आयुष्यात एकदा तरी हे झालेलं होतं.

अनुभव सगळीकडे सारखा असला तरी त्याची भीती मात्र सारखी नसते. बालंद जलाल आणि डेव्हन हिंटन यांनी २०१३ मध्ये इजिप्त आणि डेन्मार्कमधल्या लोकांची तुलना छापली. इजिप्तमधल्या जवळपास निम्म्यांनी याचं खापर जिनवर फोडलं होतं. डेन्मार्कच्या मानानं त्यांना हे जास्त वेळा व्हायचं, जखडलेपण जास्त वेळ टिकायचं आणि आपण आता मरणार ही भीतीही कितीतरी जास्त होती. शरीर तेच, झोपही तीच, पण त्या मिनिटाबद्दल घरात काय सांगितलं गेलं आहे त्यावर पुढच्या रात्री ठरतात.

हे मी आमच्याच घरात पाहिलं आहे. माझी चुलत बहीण बेळगावात हॉस्टेलवर राहून इंजिनिअरिंग करत होती. तिसऱ्या वर्षी तिला हे सुरू झालं. महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून एकदा. सुट्टीत गावी आल्यावर काकूला सांगितलं. काकूनं शेजारी सांगितलं आणि दोन दिवसांत "पोरीला बाहेरचं झालंय" हे गल्लीभर. मग देवर्षी. तीन अमावास्या, लिंबू, नारळ, उतारा, अंगारा, आणि दर वेळी पैसे. देवर्षीनं सांगितलं की हॉस्टेलच्या वाटेवरच्या झाडाचं हे आहे आणि झोपेतच ते धरतं. झालं, पोरगी झोपायलाच घाबरू लागली. रात्री तीन-तीनपर्यंत दिवा लावून बसायची आणि दुपारी वर्ग बुडवून झोपायची. अपुरी आणि वेळी-अवेळीची झोप हेच तर स्लीप पॅरालिसिसला सर्वांत मोठं निमंत्रण. म्हणजे उपायानं भीती वाढली, भीतीनं झोप गेली आणि झोप गेल्यामुळं 'ते' दिवसाआड येऊ लागलं. देवर्षी म्हणाला, बघा, जोर किती आहे त्याचा.

त्या सत्रात तिचे दोन विषय राहिले. ते पुढं निघाले. पण एक चांगलं स्थळ 'मुलीला काहीतरी बाधा आहे म्हणे' एवढ्या कुजबुजीवर परत गेलं, त्याचं तिला आजही वाईट वाटतं. ते स्थळ हवं होतं म्हणून नाही. गल्लीनं आपल्यावर शिक्का मारला म्हणून. मुलाच्या बाबतीत लोक 'घाबरला असेल' म्हणून सोडून देतात, मुलीला मात्र ते चिकटतं.

फरक पडला तो एका साध्या फॅमिली डॉक्टरांमुळं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "झोपतेस किती वाजता, उठतेस किती वाजता?" तोवर हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. त्यांनी कागदावर रेम झोपेचं चित्र काढून दाखवलं आणि रोज ठरलेल्या वेळी झोपायला, कुशीवर झोपायला, संध्याकाळनंतरचा चहा बंद करायला सांगितलं. पूर्ण थांबलं नाही. अजूनही वर्षातून एक-दोनदा होतं, विशेषतः बेंगळुरूहून रात्रीच्या स्लीपर बसनं आल्यावर. पण आता ती म्हणते, "आलं की मी मनात म्हणते, बस बाबा दोन मिनिटं, आणि पायाचा अंगठा हलवायला लागते."

अंगठ्याची युक्ती अनेकांना उपयोगी पडते. सगळं अंग उचलायची धडपड केली की भीती वाढते. एक बोट, जीभ किंवा नुसते डोळे हलवायचे. श्वास ओढायला जायचं नाही, तो आपला आपण चालू असतो.

आज्जीच्या औषधांबद्दलही न्याय करायला हवा. "उताणं झोपू नको रे, छातीवर येऊन बसतंय," असं आमची निपाणीची आज्जी म्हणायची. हा सल्ला शंभर नंबरी. उताणं झोपलेल्यांना हे जास्त होतं, हे अभ्यासातही दिसलं आहे. झोपताना रामरक्षा किंवा मारुतिस्तोत्र म्हणायला लावायची. रोज एका वेळी, एका लयीत, संथ श्वासानं काहीतरी म्हणून झोपणं यात वावगं काय? पण उशाखाली विळा ठेवायची, तो मात्र काढा. झोपेत दचकून उठणाऱ्याच्या उशाशी विळा, हे भुतापेक्षा जास्त धोक्याचं.

आपल्या परंपरेत याचा विचार झाला नव्हता असंही नाही. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार आहेत: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, हवंसं वाटलेलं, कल्पनेतलं. हे पहिले पाच प्रकार तर चरकानं निष्फळ म्हणून बाजूला काढले आहेत. ती यादी वाचली की आजच्या झोपतज्ज्ञाशी चरकाच्या गप्पा चांगल्या रंगल्या असत्या असं वाटतं.

देवर्षीच्या वाटेचं टोक मात्र कधी कधी भयंकर असतं. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून घालणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. त्यासाठी वर्षानुवर्षं झगडलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर आपल्या शेजारच्या मिरजेत वैद्यकीय शिकले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला. कर्नाटकानं आपला कायदा २०१७ मध्ये केला, तो लागू झाला जानेवारी २०२० मध्ये. म्हणजे आता कोगनोळी नाक्याच्या अलीकडे काय नि कागलकडे काय, असली मारहाण दोन्हीकडे गुन्हाच.

बेळगावात याचा एक जाहीर प्रयोगही होतो. सतीश जारकीहोळी आणि त्यांची मानव बंधुत्व वेदिके ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, सदाशिवनगरच्या स्मशानभूमीत कार्यक्रम घेतात, लोक तिथंच जेवतात, जारकीहोळी तिथंच रात्र काढतात. राजकारण कोणाला पटो न पटो, कल्पना मला आवडते. तरी एक मनात येतंच: स्मशानात सोबतीला शेकडो माणसं असतात. आपल्याच खोलीत, आपल्याच गादीवर पहाटे चार वाजता एकटं पडणं ही भीती वेगळी आहे आणि तिच्यासाठी मंडप घालता येत नाही.

लहान मुलं असलेल्या घरांसाठी थोडं वेगळं. मूल झोपल्यावर तासा-दोन तासांत किंचाळत उठतं, डोळे उघडे, पण आईलाही ओळखत नाही, आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही. हे ना स्वप्न, ना दृष्ट. याला नाइट टेरर म्हणतात. तो गाढ झोपेतून येतो, ताप किंवा अतिथकव्यानं वाढतो आणि बहुतेक मुलांचा वयाबरोबर जातो. गदागदा हलवून उठवू नका. लागणार नाही एवढं पाहा आणि शांत होऊ द्या. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर त्याची गोष्टही करू नका.

दिवसा अचानक न आवरणारी झोप येत असेल, हसता-हसता गुडघ्यातलं बळ जात असेल, घोरताना श्वास अडकत असेल, किंवा तेच भयंकर स्वप्न आठवडेच्या आठवडे पडून दिवस नकोसा होत असेल, तर नुसती झोपेची वेळ बदलून भागणार नाही. न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. धारवाडचं डिम्हान्स बेळगावहून काही फार लांब नाही. जाता येत नसेल तर केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. फोन मोफत आणि मराठीतही बोलता येतं.

आणि रूममेटसाठी: पलीकडच्या पलंगावर कोणी डोळे उघडे ठेवून ताठ पडलेला, भराभर श्वास घेत, घशातून बारीक आवाज काढताना दिसला, तर लांबून बघत बसू नका, व्हिडिओ तर मुळीच काढू नका. खांद्याला हात लावा आणि नावानं हाक मारा. बहुतेकदा तेवढ्यानं सुटतं.