जुन्या छायाचित्रांतील मोटार कशी ओळखावी?

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या मुंबईच्या उपनगरांतील जुने बंगले व चाळी पाडून तेथें उंच इमारती उभ्या राहत आहेत. बिऱ्हाड हलवितांना माळ्यावरच्या ट्रंकेंतून छायाचित्रांचे आल्बम निघतात. एखाद्या चित्रांत मोटारीपाशीं पगडी घातलेले गृहस्थ व मुलेंबाळें उभीं असतात. पण मागें ना नांव, ना साल. असें चित्र बहुधा रद्दींत जातें. ही हानि टाळण्याजोगी आहे. कारण माणसें ओळखूं आलीं नाहींत तरी मोटार पुष्कळदां ओळखतां येते, व तिच्यावरून चित्राचा काळ अजमावतां येतो.

मोटारीवरील चिन्ह चित्रांत अस्पष्ट असतें; म्हणून प्रथम तिचें तोंड, म्हणजे रेडिएटर, पाहावें. युरोपांतील प्रमुख कारखान्यांनीं त्यास आपापला घाट दिला होता. ग्रीक देवळाच्या दर्शनी भागासारखा घाट रोल्स-रॉइसचा. त्यावरील सुप्रसिद्ध बाहुली १९११ पासूनची. रेडिएटरच्या वरच्या कडेवर पन्हळी असतील तर ती इंग्रजी डेम्लर. पुढें रेडिएटर नसून बॉनेटच उतरतें असेल तर फ्रान्सची रेनॉ आठवावी. परंतु क्लेमां-बायार या फ्रेंच मोटारीचा घाटही तसाच असे, म्हणून दुसरी खूण मिळाल्यावांचून निर्णय देऊं नये.

आतां सालाविषयीं. वाटोळ्या नाकाची मॉरिस १९१३ ते १९२६ या काळांत निघत होती. लहानगी ऑस्टिन सेव्हन १९२२ मध्यें निघाली. पितळी दिवे व त्यांस गॅस पुरविणारी कार्बाइडची टाकी दिसल्यास मोटार बहुधा पहिल्या महायुद्धापूर्वींची समजावी. पुढच्या चाकांच्या आंत ब्रेकचे डबे दिसत असतील तर ती सामान्यतः १९२० नंतरची. मात्र मोटार दहा-पंधरा वर्षें सहज वापरांत राही. तेव्हां तिच्यावरून चित्र अमुक सालापूर्वींचें नाहीं एवढेंच कळतें. तें किती नंतरचें, हें इतर खुणांनीं ठरवावें. उदाहरणार्थ, बोरिवली स्टेशनाजवळच्या चित्रांत रुळांवर विजेच्या तारा असतील, तर तें बहुधा १९२८ च्या सुमाराचें वा नंतरचें. कारण विजेची गाडी तेथवर त्या वर्षीं आली.

दोन ठिकाणीं फसगत होते. सुकाणू उजवीकडे दिसलें कीं मोटार इंग्रजी, असें अनेकांस वाटतें. परंतु आरंभींच्या कित्येक फ्रेंच व इटालियन मोटारींचें सुकाणूही उजवीकडेच असे. शिवाय कांच उलटी ठेवून छापलेल्या चित्रांत उजवें डावें होतें. नंबरपट्टीवरील आंकडे उलटे आहेत काय, हें आधीं पाहावें. दुसरें असें कीं, प्रत्येक जुनी मोटार युरोपांतील नव्हे. फोर्डच्या मॉडेल टीच्या १९०८ ते १९२७ या काळांत दीड कोटींवर मोटारी निघाल्या, आणि जनरल मोटर्सनें १९२८ मध्यें मुंबईंतच शिवडीस मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. म्हणून अमेरिकन मोटारी प्रथम वेगळ्या काढाव्या.

आणखी एक गोष्ट. चित्रांत मोटार आहे म्हणून ती आपल्याच घरची होती, असें मानूं नये. ती स्नेह्याची, अशिलाची किंवा भाड्याचीही असूं शकेल. मुंबईंत टॅक्सी १९११ पासून धांवत आहे. उगाच पणजोबांस श्रीमंत करण्यांत कुलाचा गौरव नाहीं. खरें काय तें कळण्यांत आहे.

यासाठीं आमची वाचकांस विनंती अशी कीं, चित्राची मोठी प्रत काढून घरांतील सर्वांत वडील मंडळींपुढें ठेवावी. ‘हे कोण?’ या प्रश्नास उत्तर आलें नाहीं, तर ‘ही मोटार कोणाची?’ असें विचारून पाहावें. जें कळेल तें चित्राच्या पाठीवर मऊ पेन्सिलीनें हलकेंच लिहावें. शाई वापरूं नये. मोटारीवरून साल आज ना उद्यां कोणीही जाणकार सांगूं शकेल. नांवें मात्र आजी-आजोबांसच ठाऊक आहेत, आणि तीं आजच विचारून घेतलीं पाहिजेत.